आघाडीचा गडी

फुटबॉलच्या संघांत अकरा गडी असतात. पण सामना संपवून घरीं निघालेल्या प्रेक्षकाच्या तोंडीं नांव असतें तें बहुधा एकाचें, म्हणजे ज्यानें गोल केला त्याचें. बाकीच्या दहांनीं नव्वद मिनिटें घाम गाळलेला असतो, चेंडू अडविलेला असतो, पुढें पोंचविलेला असतो. लौकिक मात्र आघाडीच्या गड्याचा. ज्या दिवशीं गोल होत नाहीं त्या दिवशीं शिव्याही त्यालाच मिळतात, एवढा न्याय मात्र प्रेक्षक करतात. पूर्वी ह्या गड्यास सेंटर फॉरवर्ड म्हणत, हल्लीं स्ट्रायकर म्हणतात. असा गडी घडतो कसा, आणि आपल्या देशांत तो घडतां घडतां मध्येंच कां थबकतो, ह्याचा विचार घरांत दहा-बारा वर्षांचें खेळकर मूल असलेल्या कोणत्याही आईबापांना एखादे दिवशीं करावा लागण्याचा संभव आहे.

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागांत, येरळा नदीच्या कांठीं, वडूज हें गांव आहे. खटाव तालुक्याचें तें मुख्य ठिकाण. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं येथील कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार होऊन नऊ जण धारातीर्थीं पडले, म्हणून ह्या गांवाचें नांव इतिहासांत गेलें. एरवीं खटाव आणि शेजारचा माण हे तालुके लोकांना ठाऊक आहेत ते दुष्काळामुळें. पाऊस थोडा, जमीन मुरमाड, वस्ती विरळ. अशा मुलखांत मुलें चालतात पुष्कळ आणि पळतातही पुष्कळ. माण तालुक्यांतील मोही गांवची ललिता बाबर लहानपणीं खो-खो खेळत असे. तीच पुढें ३००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतींत २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकांत अंतिम फेरीस पोंचली आणि दहावी आली. फलटण तालुक्यांतील सरडे गांवचा प्रवीण जाधव २०२१ सालीं टोकिओस झालेल्या ऑलिंपिकांत तिरंदाज म्हणून उतरला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस कुस्तींत मिळविलेलें कांस्यपदक तर सर्वांस माहीत आहे. पायांत बळ, छातींत दम आणि अंगांत चिकाटी ह्या तीन गोष्टी ह्या जिल्ह्यांत पाण्यावांचून पिकतात. फुटबॉलच्या संदर्भांत मात्र ह्या बाजूचें नांव कोणी घेत नाहीं.

येथें प्रवीण जाधवाचें उदाहरण थोडें बारकाईनें पाहण्यासारखें आहे. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनी योजनेंत त्याचा प्रवेश झाला तो धावणारा मुलगा म्हणून. धनुष्य त्याच्या हातीं आलें तें नंतर. म्हणजे बळ आणि चिकाटी असलेला मुलगा हेरावा, त्याला निराळ्या खेळाकडे वळवावें, आणि कांहीं वर्षांत तो ऑलिंपिकांत उतरावा, हें घडूं शकतें. धावण्यांत घडतें, तिरंदाजींत घडतें, कुस्तींतही थोडेंफार घडतें. फुटबॉलमध्यें, आणि त्यांतही आघाडीच्या जागेवर, तें घडत नाहीं. चौदाव्या वर्षीं धनुष्य प्रथम हातीं धरलेला मुलगा चांगला तिरंदाज होऊं शकेल. परंतु चौदाव्या वर्षीं चेंडू प्रथम पायीं घेतलेला मुलगा फार तर चांगला पळणारा गडी होईल. चेंडू अंगावर येत असतां त्याचा वेग, त्याची फिरकी, त्याचें उसळणें हें सारें पायाला आपोआप कळावें लागतें, आणि हें कळणें लहानपणींच अंगीं मुरतें. भाषेसारखाच हा प्रकार आहे. मोठेपणीं शिकलेली भाषा शुद्ध येईल, पण स्वप्न तींत पडत नाहीं.

वडुजाहून कऱ्हाडमार्गें कोल्हापुरास जाऊन त्याच दिवशीं परत येतां येतें. अंतर तेवढेंच, पण फुटबॉलच्या दृष्टीनें तो मुलूखच वेगळा. कोल्हापुरांत हा खेळ संस्थानी अमदानींत राजघराण्याच्या आश्रयानें रुजला, आणि पुढें त्यानें जो आसरा धरला तो चमत्कारिकच म्हटला पाहिजे. पेठापेठांतून कुस्तीच्या तालमी होत्या. त्या तालमींनींच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम हीं नांवें वाचून परका मनुष्य हौद्यांतली लाल माती आणि मुद्गल डोळ्यांपुढें आणील. पण हीं नांवें आज शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यांत पुकारलीं जातात, आणि तेथें हजारों लोक आपापल्या पेठेच्या अभिमानानें गर्दी करतात. त्या अभिमानाला कधीं कधीं ऊत येतो व सामन्यापेक्षां हुल्लडच अधिक गाजते, हेंही खरें. तथापि त्या अभिमानाचा एक लाभ असा कीं, पेठेंतल्या पोराला चेंडू शिकण्यासाठीं कोणाकडे जावें लागत नाहीं. गल्लींत चेंडू असतोच. आणि कोणाचा पाय चांगला, कोणाचा नुसताच जोराचा, हें सांगणारे जाणते लोकही कट्ट्यावर बसलेले असतात.

ह्या कोल्हापुरांत १३ जुलै २००० रोजीं अनिकेत जाधव ह्याचा जन्म झाला. वडील रिक्षा चालवीत. मुलगा पायांत चेंडू घेऊनच वाढला, लहान वयांतच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनींत गेला आणि पुढें राष्ट्रीय संघासाठीं निवडलेल्या मुलांत सामील झाला. २०१७ सालच्या ऑक्टोबरांत सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतांत झाली. त्या स्पर्धेंत भारताचा संघ प्रथमच उतरत होता, आणि त्यांतील आघाडीच्या गड्यांपैकीं अनिकेत हा एक होता. दिल्लीस झालेले तिन्ही सामने भारत हरला. अमेरिकेनें तीन गोल केले, घानानें चार. कोलंबियाविरुद्ध मात्र जीक्सन सिंग ह्यानें कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर डोकें लावून बरोबरी साधली आणि भारताचा त्या स्पर्धेंतील एकुलता एक गोल नोंदविला. पुढच्याच क्षणीं कोलंबियानें दुसरा गोल चढविला हा भाग निराळा. जीक्सन हा मधल्या फळींतला गडी. तीन सामन्यांत आघाडीच्या कोणाकडूनही गोल झाला नाहीं. कित्येकांनीं त्याचा दोष त्या पोरांस दिला. पण तीन सामन्यांत त्या पोरांकडे गोलसमोर चेंडू आला किती वेळां, हें मोजण्याची तसदी दोष देणारांपैकीं फारच थोड्यांनीं घेतली असेल.

गोलाची चौकट ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असते. दुरून पाहणाऱ्यास एवढ्या मोठ्या दारांतून चेंडू आंत कसा जात नाहीं ह्याचेंच नवल वाटतें. वस्तुतः मोठमोठ्या स्पर्धांतूनही साधारणपणें दहा फटके मारावे तेव्हां एक गोल होतो. ह्याचें कारण असें कीं, फटका मारण्यास मिळणारा अवधि अत्यंत अल्प असतो. चेंडू पायापाशीं आला, तो थांबविला, मग मान वर करून गोलरक्षक कोठें आहे तें पाहिलें, मग पाय उचलला, असा सावकाश हिशेब करणाऱ्याच्या पायांतून चेंडू केव्हांच गेलेला असतो. चांगला आघाडीचा गडी चेंडू येण्यापूर्वींच दोनदां मान वळवून सारें पाहून घेतो. बचाव करणाऱ्याच्या खांद्यामागें, त्याच्या नजरेआड, तो उभा राहतो. ऑफसाईडच्या रेषेशीं त्याचें नातें सावकार आणि कुळासारखें असतें. ती चुकवावयाची, पण ओलांडावयाची नाहीं. एक पाऊल खोटें पुढें टाकून तो मागें येतो आणि ज्या जागेवर दुसऱ्या क्षणीं चेंडू येणार तेथें आधीं पोंचतो. त्याचा पहिला स्पर्श चेंडू थांबविण्यासाठीं नसतो, फटक्याची तयारी म्हणून असतो. बहुतेक गोल मोठ्या चौकोनाच्या आंतूनच होतात. तीस मीटरांवरून मारलेला आणि वर्तमानपत्रांत चित्र छापून येणारा गोल हा अपवाद होय. आणि पोरें मात्र मैदानावर सराव करतात तो त्या तीस मीटरांच्या फटक्याचाच!

हें सारें शिकवितां येतें काय? निम्में येतें. दोन्ही पायांनीं मारणें, मान वळवून पाहणें, छातीवर चेंडू घेणें हीं कामें रोजच्या सरावानें साधतात. उरलेलें निम्में, म्हणजे जागा हुंगण्याची शक्ति, ही केवळ सामन्यांतून येते; आणि तीही त्याच जागेवर खेळलेल्या सामन्यांतून. पोहण्याचें पुस्तक कांठावर बसून वाचण्यासारखाच नुसता सराव असतो. म्हणून ह्या गड्याच्या आयुष्यांत सतरा ते बावीस ह्या वयाला सर्वांत अधिक महत्त्व आहे. त्या पांच वर्षांत त्याला मोठ्यांच्या सामन्यांत, आघाडीच्या मधल्या जागेवर, चुका करण्याची मोकळीक मिळाली पाहिजे.

अनिकेतला ती मोकळीक प्रारंभीं मिळाली. जागतिक स्पर्धेनंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें त्या मुलांचा संघ फोडला नाहीं. इंडियन अॅरोज ह्या नांवानें तो आय-लीगमध्यें उतरविला. त्या संघांत परदेशी गडी नव्हता. २९ नोव्हेंबर २०१७ रोजीं गोव्यांत बांबोळीच्या मैदानावर त्यांचा पहिला सामना चेन्नई सिटीशीं झाला. पोरांनीं तो तीन गोलांनीं जिंकला आणि त्यांतले दोन गोल अनिकेतचे होते. त्या दिवशीं त्याचें वय सतरा वर्षें आणि चार महिने होतें. समोरचे गडी मिशा फुटलेले, पगार घेणारे; अशांच्या खांद्यामागून धांवून एका सामन्यांत दोन गोल करणें ही सतरा वर्षांच्या मुलासाठीं लहान गोष्ट नव्हे. पुढें इंग्लंडांतील ब्लॅकबर्न रोव्हर्स ह्या जुन्या क्लबाकडे कांहीं काळ सराव करण्याची संधीही त्याला मिळाली. त्या क्लबाचे मालक पुण्याचे आहेत, हा योगायोगही महाराष्ट्रास सुखावणारा होता.

त्याच वयांतला एक प्रसंग मात्र निराळा आहे. ऑगस्ट २०१८ मध्यें स्पेनांत व्हॅलेन्सियाजवळ झालेल्या स्पर्धेंत भारताच्या वीस वर्षांखालील संघानें अर्जेंटिनाच्या त्याच वयाच्या संघास दोन विरुद्ध एक असें हरविलें. गोल दीपक टांगरी व अन्वर अली ह्यांचे. उत्तरार्धाच्या प्रारंभींच अनिकेतला लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढण्यांत आलें होतें, आणि उरलेला सामना भारतानें दहा गड्यांनिशीं काढला. देशाच्या फुटबॉलमधील एवढा आनंदाचा दिवस, आणि ह्या मुलानें त्याचा शेवट रेषेबाहेरून पाहिला! आघाडीच्या गड्याला सामनाभर ढकलले जातें, ओढलें जातें, टांचेवर मारलें जातें; त्याचा राग गिळून त्याला त्याच मनुष्याच्या शेजारीं पुन्हा उभें राहावें लागतें. अठराव्या वर्षीं तें सर्वांस साधतें असें नाहीं. परंतु एका लाल कार्डावरून मुलाची परीक्षा करणारे लोक मुलांस ओळखत नाहींत, असेंच म्हणावें लागेल.

खरी अडचण आली ती त्यानंतर, आणि तींत मुलाचा अपराध नाहीं. २०१९ मध्यें तो जमशेदपूरच्या संघांत गेला, २०२१ मध्यें हैदराबादच्या. २०२२ च्या मार्चांत हैदराबादनें इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला; त्याच महिन्यांत बहारीनला जाणाऱ्या देशाच्या वरिष्ठ संघांत त्याचें नांव आलें. यश नव्हतें असें कोण म्हणेल? पण मोठ्या क्लबांची रीत अशी कीं, गोल करण्याचें काम पैसे मोजून आणलेल्या परदेशी गड्यावर सोंपवावें आणि वेगवान देशी मुलास कडेला उभें करावें. सुपर लीगच्या पहिल्या तीन हंगामांत, म्हणजे २०१४ पासून, अकरांपैकीं सहा गडी परदेशी असूं शकत. पुढें ते पांचांवर आणि २०२१ पासून चारांवर आणले गेले. संख्या घटली, पण आघाडीची मधली जागा बहुधा त्या चारांतल्याच एकाची राहिली. हरण्याच्या भीतीनें क्लबाचा व्यवस्थापक तसें करतो, आणि त्याच्या जागीं दुसरा कोणी असता तर त्यानेंही तेंच केलें असतें. परिणाम असा कीं, अनिकेतसारखा मधोमध गोल करणारा मुलगा कडेवर धांवूं लागला. कडेवरचा गडी गोल देतो. गोल करण्याची संधि त्याला क्वचित् येते. हातांत सतार असलेल्यास तंबोरा धरावयास लावलें, तर मैफल चालते, पण सतारीचा हात राहत नाहीं. ज्या अॅरोज संघांत मधली जागा देशी मुलाची होती तो संघही २०२२ सालीं बंद करण्यांत आला. २०२५ सालीं अनिकेतनें पंचविशी गांठली.

ह्याचें फळ साऱ्या देशाच्या पदरीं आलें. सुनील छेत्री ह्यानें २००२ सालीं, अठरा वर्षांचा होण्यापूर्वीं वा होतां होतां, मोहन बागानमध्यें पाऊल ठेवलें, आणि पुढें पंजाबच्या जेसीटीसारख्या संघांतून वर्षांमागून वर्षें त्याला खेळावयास मिळालें. २००५ सालीं क्वेट्ट्यास पाकिस्तानविरुद्ध त्यानें देशासाठीं पहिला गोल केला. ६ जून २०२४ रोजीं तो देशाच्या संघांतून निवृत्त झाला तेव्हां त्याचे चौऱ्याण्णव गोल झाले होते. त्याच्या जागीं कोण, ह्या प्रश्नाला उत्तर सांपडेना. आणि २०२५ च्या मार्चांत चाळिसी उलटलेल्या छेत्रीलाच परत बोलावण्यांत आलें. शिलाँग येथें मालदीवविरुद्ध त्यानें गोलही केला! त्याच्या तपश्चर्येस नमस्कार असो; पण एकशें चाळीस कोटींच्या देशानें ह्या गोष्टीवर टाळ्या वाजवाव्या कीं लाजावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

संधि लवकर आणि अति मिळाली तरीही धोका आहेच. इंग्लंडचा मायकेल ओवेन १९९८ सालीं अठराव्या वर्षीं अर्जेंटिनाविरुद्ध केलेल्या गोलानें जगभर गाजला. पुढच्याच वर्षीं त्याच्या मांडीमागचा स्नायु फाटला, आणि तो पूर्वींचा वेग पुरता परत आला नाहीं. उलट त्याच देशांतला जेमी व्हार्डी सोळाव्या वर्षीं शेफील्डच्या क्लबानें नाकारलेला, कारखान्यांत काम करून खालच्या दर्जाच्या लीगमध्यें खेळणारा, पंचविसाव्या वर्षीं लेस्टरला आला. आणि २०१६ सालीं लेस्टर इंग्लंडचें विजेतें झालें तेव्हां त्या हंगामांत लीगमध्यें त्याचे चोवीस गोल होते. पंचविशी म्हणजे शेवट नव्हे, हें त्यावरून उघड दिसतें. फरक एवढाच कीं, नाकारलेल्या व्हार्डीला खेळावयास इंग्लंडांत अनेक पायऱ्यांच्या लीगा खालीं पसरलेल्या होत्या. आपल्याकडे वरची पायरी सुटली कीं एकदम अंगणच लागतें.

शहरांतल्या सुशिक्षित घरांत ह्या गोष्टीला आणखी एक फांटा फुटतो. मुलाचें पंधरावें-सोळावें वर्ष म्हणजे दहावीचें वर्ष. नेमक्या त्याच वर्षीं शरीर झपाट्यानें वाढतें, पाय लांब होतात, काल जमत असलेला फटका आज चुकतो, आणि खेळाची नवी घडी बसवावी लागते. त्याच वर्षीं घरीं चेंडू माळ्यावर जातो. दीड-दोन वर्षांनीं तो खालीं काढावा तर मुलगा त्याला परका झालेला असतो. परीक्षा टाळावी असें कोणी शहाणा मनुष्य सांगणार नाहीं. पण दिवसाची एक घटका मैदानासाठीं ठेवल्यानें गुण गेले, असा अनुभव शाळांतून फारसा नाहीं. निवडीच्या वेळींही एक अन्याय घडतो. वयोगट जानेवारीपासून मोजतात. म्हणून जानेवारी-फेब्रुवारींत जन्मलेला मुलगा नोव्हेंबरांतल्यापेक्षां दहा महिन्यांनीं मोठा असून निवड करणाराच्या डोळ्यांत भरतो. हें जगांतल्या अनेक देशांत मोजून पाहिलेलें आहे. लहानखुऱ्या मुलाची निवड एका वर्षीं झाली नाहीं म्हणून त्याच्या पायांतला गुण गेला असें समजूं नये.

आतां पुन्हा खटाव तालुक्याकडे पाहूं जातां, तेथें उणें काय आहे तें सहज कळतें. मैदान पूर्ण मापाचें हवें म्हटलें तर १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद जमीन, सपाट केलेली, हिरवळीची, पाणी पाजून राखलेली, अशी लागेल. आणि जेथें उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यास टँकर येतो तेथें हिरवळीस पाणी मागणें अविवेकाचें होईल. परंतु आठ ते बारा वर्षांच्या मुलांना तेवढ्या मैदानाची गरज नाहीं. तीस मीटर लांब व वीस मीटर रुंद तुकडा, त्यावरचे दगड वेंचून काढलेले, पावसाळ्यानंतर रोलर फिरविलेला, एवढें पुरे. एका बाजूस चौघे, दुसऱ्या बाजूस चौघे. मोठ्या मैदानावर अकरांच्या सामन्यांत लहान मुलाच्या पायीं चेंडू क्वचित् येतो. चौघांच्या खेळांत तो सारखा येतो, आणि गोल मारण्याची पाळीही प्रत्येकावर येते. चेंडू मोठ्यांचा पांच नंबरचा देऊं नये. ह्या वयाला चार नंबरचा चेंडू असतो, त्याचा घेर ६३ ते ६६ सेंटिमीटर. मुरमावर चेंडूचें कातडें लवकर झिजतें, म्हणून शाळेनें वर्षाला सहा तरी ठेवावे. गोलाच्या चौकटीस बांबू चालतात.